चौदाव्या किलोमीटरनंतर पोटरीत गोळा येतो? आधी पहिले पाच किलोमीटर तपासा

अडचण अशी होती. दहा किलोमीटर आरामात व्हायचे. हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, गाठायची म्हणून रविवारचा लाँग रन वाढवायला घेतला. बारापर्यंत काही नाही. चौदा ओलांडले की उजव्या पोटरीत आधी एक बारीक फडफड, कातडीखाली मासोळी हलावी तशी. मग दोन-तीनशे मीटरवर पोटरीचा दगड. घोटा ताठ, बोटं आत वळलेली, पाय टेकवेना. आमच्याकडे याला पायाला वांब आला म्हणतात, कुणी पेटका म्हणतं, कुणी गोळा. नाव काहीही द्या, भाट्याच्या पुलाच्या कठड्याला धरून एका पायावर उभं राहायचं आणि मासे घेऊन मांडवीकडे निघालेल्या बायकांनी विचारायचं, "काय रे बाबा, काय झालं?" असं पाच रविवारांपैकी चार रविवार झालं.

माझा धंदा पंप आणि मोटर दुरुस्तीचा. रत्नागिरीत गेली अठरा वर्षं हेच करतोय. स्वतःच्या पायाची दुरुस्ती करताना मात्र जी चूक गिऱ्हाईक करतं तीच मी केली, म्हणून सविस्तर लिहितोय.

आत्ता, या क्षणी गोळा आलेला असेल तर एवढंच करा. थांबा. झटका देऊन ओढू नका. टाच जमिनीला टेकवून गुडघा सरळ ठेवा, समोरच्या खांबाला नाहीतर कठड्याला दोन्ही हात लावा आणि हळूहळू पुढं झुका, म्हणजे पोटरी ताणली जाईल. अर्धा मिनिट धरा, सोडा, पुन्हा धरा. गाठ सुटली की दोन-तीन मिनिटं चाला. मग पळायचं असेल तर आधीपेक्षा बरंच हळू. पुन्हा फडफड झाली तर तो दिवस संपला, रिक्षा करा. लाज वाटून घेऊ नका, मी दोनदा रिक्षानं आलोय. आणि दुखणं एकाच टोकाला सुई टोचल्यासारखं असेल, पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल, दुसऱ्या दिवशीही पाय टेकवत नसेल, तर तो गोळा नव्हे. स्नायू फाटलेला असू शकतो, शिरेत गुठळीही असू शकते. तिथं हे लिखाण बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं.

मी काय काय केलं, आणि ते का चुकलं

पहिल्या गोळ्यानंतर सगळ्यांनी एकच सांगितलं: मीठ कमी पडलं. दुसऱ्यानंतर: पोटॅशियम, केळी खा. मग मॅग्नेशियमच्या गोळ्या. मग बूट जुने झाले. मग पोटरीवर घट्ट बसणारे मोजे. मी सगळं केलं, आणि सगळं एकदम केलं. केळी खाऊन, पाण्यात विरघळणारी क्षारांची गोळी पिऊन, नवे बूट घालून, घट्ट मोजे चढवून पुन्हा त्याच पुलावर एका पायावर उभा.

आता माझ्या दुकानातली गोष्ट. महिन्याला एक तरी गिऱ्हाईक येतं: "मोटर चांगली चालते, पण तासाभरानं ट्रिप होते. तेवढं रिलेचं सेटिंग वाढवून द्या." ओव्हरलोड रिले हा मोटर तापली की वीज तोडणारा राखणदार. त्याचं सेटिंग वाढवलं तर मोटर ट्रिप होणार नाही, थेट जळेल, आणि मग रिवाइंडिंगचा खर्च. दोष रिलेत नसतो. व्होल्टेज कमी असतं, बेअरिंग जाम असतं, नाहीतर पंप जितकी ताकद मागतो तितकी त्या मोटरची नसतेच. तासाभरानं जे दिसतं ते पहिल्या मिनिटापासून साठत आलेलं असतं.

हे मी गिऱ्हाइकाला रोज सांगतो. आणि स्वतःच्या पोटरीत गोळा आला की औषधाच्या दुकानात जाऊन रिलेचं सेटिंग वाढवून घेतो!

डोळे उघडले ते आमच्या सकाळच्या ग्रुपमधल्या सरांमुळे. सर निवृत्त पीटी शिक्षक, वय सत्तरीला टेकलेलं. पुलावर मला बघून थांबले, पोटरी दाबून पाहिली आणि म्हणाले, "अरे, तू एकवीसची तयारी करतोसच कुठं? तू दहा पळतोस आणि पुढचे फरफटत नेतोस." मी म्हटलं, "सर, पण दमलेलो नसतो हो मी, नुसता पायच धरतो." ते म्हणाले, "वही आहे का? लिहितोस का काही?"

वही होती. दुकानाचीच, मागच्या पानांवर. घड्याळातले आकडे मी तिच्यात उतरवून ठेवत होतो, वाचत मात्र नव्हतो.

वहीतले पाच रविवार

पहिला रविवार: पहिले पाच किलोमीटर २९ मिनिटं १० सेकंदांत, गोळा १४.२ किलोमीटरला. दुसरा: २८ मिनिटं ५५ सेकंद, गोळा १३.८ ला. तिसरा: ३३ मिनिटं ४० सेकंद, सोळा पूर्ण, गोळा नाही. चौथा: २९ मिनिटं ३०, गोळा १४.६ ला. पाचवा: ३० मिनिटं ५, गोळा १५.१ ला.

तिसऱ्या रविवारी मॅग्नेशियम सुरू केलं होतं, म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की मॅग्नेशियम लागू पडलं. चौथ्या रविवारी मॅग्नेशियम चालूच होतं, तरी गोळा आला. मग तिसऱ्या रविवारी वेगळं काय होतं? भाचा आला होता. कॉलेजातला पोरगा, पहिल्यांदाच एवढं पळणारा, सारखा बोलत होता, त्याच्यासाठी मी हळू पळालो. बस, एवढंच.

दहा किलोमीटरची माझी शर्यतीतली वेळ ५८ मिनिटं, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ४८ सेकंद. आणि लाँग रनचे पहिले पाच मी पळत होतो ५:५० नं. म्हणजे दर रविवारी मी दहाची शर्यत लावत होतो आणि शर्यत संपल्यावर आणखी सहा किलोमीटर मागत होतो. दहाचा रनर लांब अंतराकडे जाताना हाच सापळा असतो. अंगात जो वेग मुरलाय तोच 'सहज' वाटतो. पहाटे शहरातून समुद्राकडे उतरताना तर पाय आपोआप पडतात. आमच्या रत्नागिरीत घरून निघालं की समुद्रापर्यंत उतार आणि परत येताना चढ, हिशोब उलटा लागतो.

तुमच्याकडे घड्याळ असो नसो, वहीत सात गोष्टी लिहा: निघण्याची वेळ, पहिल्या पाचाची वेळ, गोळा आला तो किलोमीटर, कुठला पाय, त्या आठवड्यात एकूण किती पळालात, निघतानाचं वजन आणि परत आल्यावरचं. चार-पाच रविवार पुरतात. आणि एका रविवारी एकच गोष्ट बदला. तीन बदलल्यात तर कशानं गुण आला हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

वेग किती कमी करायचा

दहाच्या शर्यतीच्या वेगापेक्षा किलोमीटरमागे निदान एक मिनिट जास्त. माझ्यासाठी ६:५० ते ७:००, ऑक्टोबरच्या हवेत सव्वासात. पहिले पाच ३४ मिनिटांच्या आत आले तर चुकलं, असं मी वहीच्या कव्हरवर लिहून ठेवलं.

घड्याळावर विश्वास नसेल तर पाढा म्हणा. पळता पळता मोठ्यानं बाराचा पाढा, मध्ये धाप न लागता. जमला तर वेग बरोबर. बारा सत्ते चौऱ्याऐंशीला श्वास तुटला तर हळू व्हा. (एकोणीसचा घेऊ नका, तो बसल्या जागीसुद्धा अडतो आणि दोष पायांना जातो.)

हळू पळणं जड जातं हे खरं आहे. पहिले दोन रविवार मला वाटत होतं, लोक बघतायत, हा चालतोय की पळतोय. भाट्याच्या सुरूच्या बनाजवळ एका आजोबांनी मला चालत मागं टाकलं. पण त्या दिवशी सोळा झाले आणि पुलावर थांबावं लागलं नाही.

कोकणची हवा हा वेगळाच लोड आहे

घाटावरच्या मित्रांचे वेळापत्रक इथं जसंच्या तसं चालत नाही, आणि याचं कारण तापमानात नाही. पहाटे पाचला रत्नागिरीत २५ अंश असतात, ऐकायला बरे वाटतात. पण हवेतली आर्द्रता त्याच वेळी सगळ्यात जास्त असते, नव्वद टक्क्यांच्या आसपास. हवामानाच्या अॅपमध्ये आर्द्रतेच्या टक्क्यांकडे बघू नका, दवबिंदू बघा, म्हणजे किती अंशांना हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो आकडा. तो वीसच्या खाली असेल तर पळायला मजा. बावीस-तेवीसला घाम निथळायला लागतो. पंचवीसच्या वर, म्हणजे आपला मे महिना आणि पावसाची सुरुवात, तेव्हा वेगाचा विचारच सोडून द्या.

यामागचं गणित साधं आहे. माणूस एक किलोमीटर पळायला ढोबळमानानं दर किलो वजनामागे एक किलोकॅलरी खर्च करतो. माझं वजन ७० किलो, म्हणून किलोमीटरला ७०. यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग नुसती उष्णता होऊन अंगात राहतो. दहाच्या वेगानं पळालो तर तासाला साडेपाचशे किलोकॅलरींच्या घरात उष्णता बाहेर टाकायची. एक लिटर घाम कातडीवरून पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे तासाला एक लिटर घाम वाळला पाहिजे. वाळला पाहिजे, गळला नव्हे. कोपरावरून टपटप पडणारा घाम तुम्हाला काडीचा गारवा देत नाही, फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो. दमट हवेत अर्धा घाम तसाच गळतो, म्हणून शरीर आणखी घाम काढतं, रक्त कातडीकडे वळतं, स्नायूंच्या वाट्याला कमी येतं, नाडी वाढत जाते. वेग तोच ठेवला तरी मेहनत वाढलेली असते.

वाऱ्याचंही बघा. पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे, तोही अगदी मंद. खारा वारा उन्हं वर आल्यावर सुटतो. समुद्राकडे जाताना मतलई पाठीवर असला तर तुमचा वेग आणि वाऱ्याचा वेग जवळजवळ सारखा होतो, अंगाला वारा लागतच नाही. तिथं जास्त तापायला होतं. तरीही पहाटच बरी, कारण ऊन नसतं. साडेसातनंतर रस्त्याकडेचा जांभा तापायला लागला की तो खालून भाजतो.

सुती बनियन घालून पळू नका. भिजलं की किलोभर वाटतं आणि बारा किलोमीटरनंतर काखेत आणि छातीवर सोलपटतं. खोबरेल तेल आमच्या घरात सगळ्यावर औषध आहे, पण इथं ते घामाबरोबर तासाभरात वाहून जातं. पेट्रोलियम जेली टिकते.

पाणी आणि मीठ

मीठ कमी पडलं म्हणून गोळा आला, हे पूर्ण खोटं नाही. पण ते किती खरं आहे हे मोजता येतं. सकाळी लघवी करून, कपडे काढून वजन करा. एक तास पळा, किती पाणी प्यालात ते लक्षात ठेवा. परत येऊन अंग कोरडं पुसून पुन्हा वजन करा. घट झालेला प्रत्येक किलो म्हणजे ढोबळ एक लिटर घाम, त्यात प्यालेलं पाणी मिळवा. ऑक्टोबरमध्ये माझं ७०.२ चं ६८.७ झालं, मध्ये ३०० मिलिलिटर प्यालो होतो. म्हणजे तासाला १.८ लिटर. हा आकडा बघून मीच घाबरलो.

घाबरून मी उलटी चूक केली, पाणी ढोसायला लागलो. ही चूक गोळ्यापेक्षा धोक्याची आहे. पोट तासाला तेवढं पाणी घेतच नाही. आणि नुसतं साधं पाणी गरजेपेक्षा जास्त प्यालं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं: डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते, पुढं फिट येऊन जीवही जाऊ शकतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शेवटच्या रेषेवर ४८८ जणांचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम नको तितकं खाली गेलेलं सापडलं. ज्यांचं वजन पळून आल्यावर वाढलं होतं ते त्यात ठळक होते. म्हणून खूणगाठ अशी: परत आल्यावर वजन थोडं कमी झालेलं असावं, वाढलेलं कधीच नसावं. तहान लागेल तसं प्या. मला तासाला पाचशे ते सातशे मिलिलिटर पुरतं.

पाण्यात काय घालायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस पाकीट घ्या, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या लिटरच्या बाटलीत नव्हे. बाटली लहान म्हणून पूर्ण पाकीट त्यातच ओतणारे मी रोज बघतो. घट्ट झालेलं पाणी आतड्यात उलट पाणी ओढून घेतं आणि मग सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, ओलांडेपर्यंत आडोसा शोधत पळावं लागतं. घरी करायचं तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा.

मी त्यात कोकम घालतो, आणि इथं एक फजिती सांगायलाच हवी. पहिल्यांदा मी मापानं मीठ घातलं आणि वर आईनं भरून ठेवलेल्या बरणीतलं आगळ ओतलं. आगळ म्हणजे कोकमाचा रस मिठात मुरवलेला! आठव्या किलोमीटरला झरी विनायकाच्या अलीकडे सगळं बाहेर. आई म्हणाली, "अरे मेल्या, आगळात मीठ असतं हे तुला चाळिसाव्या वर्षी सांगायचं?" आता रात्री चार सोलं पाण्यात भिजत घालतो, सकाळी गाळून घेतो आणि मीठ-साखर मापानं घालतो. आगळच वापरायचं असेल तर वेगळं मीठ नको. ब्लड प्रेशरची गोळी चालू असेल तर मिठाचे हे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

मीठ नीट केल्यावर काय फरक पडला? डोकं दुखायचं थांबलं, दुपारी मेल्यासारखा झोपायचो ते थांबलं. गोळा मात्र १४.२ वरून १५.१ ला गेला, एवढंच. पाचवा रविवार तोच.

आणखी एक गोष्ट मला पटली. २०१० च्या एका प्रयोगात लोणच्याच्या काकडीचं खारं पाणी प्यायला दिल्यावर गोळा साध्या पाण्यापेक्षा सुमारे पाऊण मिनिट लवकर सुटला. ते पाणी पोटातून रक्तात जायच्या आतच. याचा अर्थ मीठ स्नायूपर्यंत पोचलेलंच नव्हतं. आंबट-खारट चवीनं घशातल्या नसांना धक्का बसला आणि स्नायूला मिळणारा 'आवळ' हा हुकूम थांबला, असा त्याचा अर्थ लावतात. म्हणजे गोळ्यामागे बऱ्याचदा थकलेल्या स्नायूचा आणि नसेचा गोंधळ असतो. सरावापेक्षा जास्त काम पडलं की तो होतो. एवढं वाचल्यावर मी औषधाचं दुकान सोडून पोटरीकडे बघायला लागलो.

उजवाच पाय का?

हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. मीठ कमी पडलं असतं तर दोन्ही पायांना पडलं असतं ना?

सरांनी मला पडवीच्या पायरीवर उभं केलं. एका पायावर, बोटं पायरीवर, टाच हवेत, भिंतीला एक बोट टेकलेलं. टाच पूर्ण वर, पूर्ण खाली, न थांबता. डावा पाय: एकोणीस. उजवा: अकरा. बाराव्याला तीच फडफड. घरात, पंख्याखाली, एक थेंब घाम न गाळता! हा क्षण मला अजून डोळ्यासमोर दिसतो. तीन महिने मी जो दोष पुलापलीकडच्या पावस गावच्या रस्त्यावर शोधत होतो तो पडवीच्या पायरीवर दोन मिनिटांत सापडला.

उजवा घोटा चार वर्षांपूर्वी पावसात शेवाळावरून घसरून मुरगळला होता. सूज उतरली, दुखणं गेलं आणि मी तो बरा झाला असं समजलो. त्यात मी नेहमी समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेनं पळतो. सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे, पण पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे उजवं पाऊल कायम खालच्या बाजूला. दहा किलोमीटरपर्यंत त्या पोटरीनं हे निभावलं. चौदाला हात वर केले.

उपाय कंटाळवाणा आहे. आठवड्यातून तीन दिवस, त्याच पायरीवर, गुडघा सरळ ठेवून पंधराचे तीन फेरे आणि गुडघा थोडा वाकवून पंधराचे तीन फेरे. वाकवलेल्यानं पोटरीचा आतला स्नायू काम करतो, लांब पळण्यात जास्त वेळ तोच राबतो. आधी दोन्ही पायांवर, तीन आठवड्यांनी एका पायावर. नंतर पाठीवर पाण्यानं भरलेल्या बाटल्यांची पिशवी. आठ आठवड्यांनी उजवा तेवीसवर गेला.

पुळणीवर पळायचा मोह असेल तर भरती-ओहोटी बघून जा. मऊ वाळूत पोटरीला दुप्पट काम पडल्यासारखं होतं, आणि दुखऱ्या पोटरीसाठी ते नकोच. ओली, घट्ट वाळू ओहोटीला मिळते. जुना हिशोब वापरा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधराचे पाऊण सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे पाचच्या सुमारास. चतुर्दशीपासून द्वितीयेपर्यंत सकाळ चांगली. अष्टमीला सहालाच भरती, त्या दिवशी रस्ता धरा. शिवाय पुळणही समुद्राकडे उतरती असते, म्हणून जितकं जाल तितकंच त्याच ओळीनं परत या, म्हणजे दोन्ही पायांना वाटा सारखा पडतो.

आठवड्याचा हिशोब

रविवारचे सोळा आणि मध्ये एखादा दिवस आठ. असा माझा आठवडा चोवीस किलोमीटरांचा होता. म्हणजे दोन तृतीयांश काम एका सकाळी. सहा दिवस बंद असलेला पंप सातव्या दिवशी पूर्ण लोडवर चालवण्यासारखं.

बारा आठवड्यांत चोवीसचे अडतीस केले, चार दिवसांत वाटून. रविवारचा वाटा निम्म्याच्या आसपास आणला. तीन आठवडे थोडं थोडं वाढवायचं, चौथ्या आठवड्यात कमी करायचं. मधल्या दिवसांचे सहा-सात किलोमीटर अगदी संथ. फक्त बुधवारी एकदा थिबा पॅलेसच्या बाजूच्या चढावर पाच-सहा छोटे चढ.

खाण्याचं थोडक्यात: स्नायूंतला आणि यकृतातला साखरेचा साठा जोरात पळताना दीड-दोन तासांत आटत येतो, आणि चौदा-पंधरा किलोमीटर म्हणजे माझ्या वेगानं बरोबर तेवढाच वेळ. म्हणून पाऊण तासानंतर खायला सुरुवात करायची, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील अशा बेतानं. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतात, वेलची केळ्यात त्याच्या निम्मी. मी आंबापोळीचे बोटभर तुकडे बटरपेपरात गुंडाळून खिशात ठेवतो. दातांना चिकटते, पाण्याचा घोट लागतो, पण विकतच्या जेलपेक्षा स्वस्त आणि उलटी होत नाही. शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही खायचं नाही.

मग गोळा गेला का?

नोव्हेंबरात अठरा झाले, डिसेंबरात वीस. जानेवारीत किनाऱ्यावरच्याच एका गावी हाफ पळालो, २ तास १९ मिनिटं. एकोणिसाव्या किलोमीटरला उजव्या पोटरीत फडफड झाली. मी एक मिनिट चाललो, ती गेली. मनात ठरवलेल्या २:१० पेक्षा नऊ मिनिटं जास्त लागली, आणि ती वेळ ठरवतानाच चुकली होती हे आता कळतं.

पण दुकानदाराच्या मनात शंका राहिलीच. डिसेंबर-जानेवारीत हवाच कोरडी झाली होती. मग श्रेय कुणाचं, पोटरीचं की थंडीचं? म्हणून मे महिन्यात मुद्दाम परत तपासलं. दवबिंदू पंचवीसच्या वर, पहाटे पावणेपाचला निघालो, तोच पावस रस्ता, किलोमीटरला साडेसात मिनिटं, अठरा किलोमीटर. वजन १.९ किलो उतरलं, बूट पिळले तर पाणी निघालं, गोळा आला नाही. पुढच्या रविवारी तीच हवा, तीच बाटली, आणि पहिले पाच मुद्दाम ३० मिनिटांत काढले. १६.४ ला उजवी पोटरी धरली.

भाट्याच्या पुढचा उतार मात्र अजून सुटलेला नाही. परत येताना फणसोपकडून समुद्राकडे उतरलं की मांड्या दुसऱ्या दिवशी जिना उतरू देत नाहीत. सध्या वहीत नवीन पान काढलंय आणि तिथं उताराचा वेग लिहितोय, दर रविवारी, बाकी काही न बदलता.